‘सेन्ड हिम पॅकिंग’ : बोलायचं कसं, वाक्यात बसवायचं कसं

नको असलेल्या माणसाला ताडकन वाटेला लावणं, हा या वाक्प्रचाराचा अर्थ. आपण अर्धचंद्र दिला म्हणतो, अहिराणीत ‘त्याले हाकली दे’. ‘नारळ दिला’ हे भाषांतर मात्र सरसकट करू नका. नारळ नोकरी किंवा पद गेलेल्यालाच मिळतो. इंग्रजीतला हा प्रयोग दारावरच्या विक्रेत्यालाही चालतो आणि स्पर्धेतून बाहेर पडलेल्या संघालाही.

सांगाडा तीन तुकड्यांचा: सेन्ड, मग माणूस, मग पॅकिंग. माणूस आणि पॅकिंग यांच्यामध्ये ‘टू’ नाही, ‘फॉर’ नाही, ‘हिज’ही नाही.

खरी अडचण इथेच आहे, आणि खानदेशात ती जास्त आहे. रावेर-यावलकडे पॅकिंग हा रोजचा शब्द. केळीचे घड उतरवले, फण्या केल्या, धुतल्या, खोक्यांत भरल्या, झालं पॅकिंग. ‘माल पॅकिंगला पाठवला’ हे वाक्य लहानपणापासून कानावर असतं, त्यामुळे तोंडातून आपोआप ‘सेन्ट हिम फॉर पॅकिंग’ निघतं. त्याचा अर्थ होतो, त्याला पॅकिंगच्या कामाला पाठवलं. मीही एका मुलाखतीत हेच बोलले होते. भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला वडिलांनी कसं परत पाठवलं ते सांगत होते, आणि समोरच्यांनी विचारलं, ‘मग तो व्यापारी तुमच्याकडेच कामाला लागला का?’ चूक कुठे झाली ते मला तेव्हा कळलंच नाही. घरी येऊन शब्दकोश उघडला तेव्हा उलगडा झाला.

‘पॅक’ या क्रियापदाला इंग्रजीत ‘चालतं होणं’ असाही जुना अर्थ आहे. शेक्सपिअरच्या नाटकातला फॉल्स्टाफ राजदरबारातून आलेल्या माणसाबद्दल ‘आय विल सेन्ड हिम पॅकिंग’ म्हणतो, तेव्हा कुणाच्याही सामानाची बांधाबांध चाललेली नसते. म्हणून ‘म्हणजे बॅगा भरायला लावणं’ असं समजावणाऱ्यांचं ऐकू नका. त्या समजुतीतूनच ‘फॉर’ घुसतो. त्याऐवजी ‘सेन्ट द बॉल फ्लाइंग’ आठवा. चेंडू उडत गेला, तसा माणूस चालता झाला. साचा तोच. फ्लाइंगच्या आधी ‘फॉर’ लावावासा वाटत नाही ना? मग इथेही लावू नका.

काळ बदलला की फक्त ‘सेन्ड’ बदलतं: सेन्ट हिम पॅकिंग, विल सेन्ड हिम पॅकिंग. ‘सेन्ट हिम पॅक्ड’ चूक, ‘सेन्ट पॅकिंग हिम’ त्याहून चूक. माणसाचं वर्णन लांबलं तर वाक्य लोंबकळतं, तेव्हा सरळ कर्मणी करा: ‘द ट्रेडर वॉज सेन्ट पॅकिंग’. ‘ही वेन्ट पॅकिंग’ मात्र म्हणू नका. घालवणारा कुणीतरी असतोच, नाव घ्या किंवा घेऊ नका.

आता उच्चार. ‘सेन्ट’ आणि ‘हिम’ तोडून बोलू नका. बोलण्याच्या ओघात ‘ह’ गळतो: सेन्टिम पॅकिंग. ‘हर’ असेल तर सेन्टर पॅकिंग. जोर ‘पॅ’वर. हा ‘प’ आपल्या पाण्यातल्या ‘प’सारखा नाही, त्याच्यासोबत श्वासाचा झोत बाहेर पडतो. ओठांसमोर पातळ कागद धरा. ‘पॅ’ म्हणताना तो हलला पाहिजे. झोत आणायच्या नादात खालचा ओठ दातांना लावू नका, दोन्ही ओठ आधी पूर्ण मिटलेले हवेत. दात लागले की ‘फॅ’ होतो आणि ऐकणाऱ्याला शिवी ऐकू येऊ शकते. हे मी वर्गात दरवर्षी बजावते. शेवटचा ‘ग’ मोकळा उच्चारायचा नाही: ‘रंग’ म्हणायला सुरुवात करा आणि ‘ग’ फुटण्याआधी थांबा, तोच शेवट.

सरावाला हे एक वाक्य पुरे, रोज दहा वेळा, मोठ्याने: ‘ही ऑफर्ड अस हाफ द रेट, सो माय फादर सेन्टिम पॅकिंग.’

अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात हा प्रयोग लिहू नका, तिथे ‘रिफ्यूज्ड’ लिहा. थोरामोठ्यांना निरोप दिल्याचं सांगतानाही नको. यात अपमान आहे, आणि तो ऐकणाऱ्याला लगेच कळतो.