स्वतः बांधलेल्या लिनक्स कर्नेलला सुरक्षा सुधारणा लावताना

गुहागर तालुक्यातील एका काजू प्रक्रिया केंद्रात ड्रायरच्या तापमानाची नोंद ठेवणारा संगणक मी सांभाळतो. त्यावर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली आहे, पण जुन्या सिरियल कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये बदल करावा लागल्याने कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, मात्र मी स्वतः स्रोतापासून बांधलेले आहे. ‘ॲप्ट अपग्रेड’ ही सुधारणा बसवणारी आज्ञा वेळच्या वेळी चालवली की काम झाले, असे मी बराच काळ धरून चाललो होतो. त्या आज्ञेने ओपनएसएसएल, एसएसएच, ब्राउझर हे सारे सुधारते, ते चालूच ठेवावे. परंतु आपण बांधलेल्या कर्नेलची नवी आवृत्ती डेबियनच्या भांडारात कधीच येत नसल्याने ते आहे तिथेच राहते. २०२२ मध्ये उघड झालेल्या ‘डर्टी पाइप’ या त्रुटीमुळे साध्या वापरकर्त्यालाही रूटचे, म्हणजे संगणकावरील सर्वोच्च, अधिकार मिळवता येत होते. ती ५.१०.१०२, ५.१५.२५ आणि ५.१६.११ या आवृत्त्यांत दूर झाली; ज्याने ५.१०.१०१ हाताने बांधून ठेवले, त्याच्याकडे ती तशीच राहिली.

प्रथम ‘युनेम -आर’ देऊन प्रत्यक्ष चालू असलेले कर्नेल कोणते ते पाहावे. बांधताना ‘लोकलव्हर्जन’मध्ये स्वतःची खूण घातली असेल, तर ते लगेच ओळखता येते. डेबियनचे कर्नेलही त्याच संगणकावर असेल आणि त्याचा आवृत्तीक्रमांक मोठा असेल, तर ग्रब हा कर्नेल सुरू करणारा प्रोग्राम सहसा तेच आधी निवडतो, म्हणून प्रत्येक अपग्रेडनंतर ही खातरजमा करावी. आपली शाखा (जसे ५.१० किंवा ५.१५) दीर्घकालीन देखभालीच्या यादीत अजून आहे का, हेही पाहावे. नसल्यास पुढच्या शाखेवर जाण्याची तयारी करावी.

नवा स्रोत उतरवताना आमच्याकडे नेट मध्येच तुटते, त्यामुळे सुमारे १४० मेगाबाइटचे संकुचित गाठोडे ‘डब्ल्यूगेट -सी’ने उतरवलेले बरे, उतरवणे तुटले तिथूनच पुढे चालू होते. स्वाक्षरी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही स्वाक्षरी एक्सझेड फायलीवर नसून आतल्या टार फायलीवर असते, म्हणून आधी एक्सझेड उलगडून मगच जीपीजी या स्वाक्षरी तपासणाऱ्या साधनाने पडताळणी करावी. लहान पॅच, म्हणजे फक्त बदलांची फाइल, वापरायचा असेल, तर तो मागच्या सुधारणेवर नव्हे, तर शाखेच्या मूळ आवृत्तीवर बसतो. आधीचा पॅच उलटा काढूनच नवा लावावा लागतो.

मग ‘बूट’ निर्देशिकेतील जुनी कॉन्फिग (बांधणीच्या पर्यायांची) फाइल नव्या स्रोतात ‘.कॉन्फिग’ या नावाने ठेवावी. येथे घाई करू नये. ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ नव्या पर्यायांना मूळ मूल्ये देऊन मोकळे होते. त्याआधी ‘मेक लिस्टन्यूकॉन्फिग’ने ते पर्याय वाचून घ्यावेत, कारण प्रोसेसरमधील त्रुटींवरचे उपाय पुष्कळदा अशाच नव्या पर्यायांच्या रूपाने येतात आणि ते बंद राहिले तर साऱ्या खटाटोपाचा उपयोग नाही. आपला ड्रायव्हरचा पॅच लावल्यावर ‘.रेज’ फायली (न बसलेले बदल) उरल्या असतील, तर त्या एकेक पाहून हाताने जुळवाव्यात.

बांधणी ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने करावी, म्हणजे डेब पॅकेजे तयार होतात आणि पुढे ती काढणेही सोपे जाते. आषाढात तारेवर माडाची झावळी पडली की वीज तासन्‌तास येत नाही. बांधणी अर्धवट राहिली तर पुन्हा करता येते, पण ती पॅकेजे बसवणारी ‘डीपीकेजी’ चालू असताना वीज जाणे परवडत नाही. ती पायरी इन्व्हर्टर भरलेला असतानाच घ्यावी. त्याआधी ‘डीएफ’ने बूट विभागात जागा आहे ना ते पाहावे.

नवे कर्नेल बसवले, तरी संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जुनेच चालू असते. संगणक दूर असेल, तर ग्रबच्या रचनेत ‘ग्रब डिफॉल्ट’ला ‘सेव्ह्ड’ हे मूल्य द्यावे, ‘अपडेट-ग्रब’ चालवावे, ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने जुने कर्नेल कायम ठेवावे आणि ‘ग्रब-रीबूट’ने नवे एकदाच निवडावे. ते अडकले, तर केंद्रातील कोणीही प्लग काढून पुन्हा लावला की जुने आपोआप सुरू होते. यामुळे माझी रत्नागिरीहून गुहागरची एक फेरी वाचली आहे.

सुरू झाल्यावर ‘युनेम -आर’ पुन्हा पाहावे, ‘डीमेसेग’मधील, म्हणजे कर्नेलच्या संदेशांतील, चुका वाचाव्यात, ‘सिस’खालील ‘व्हल्नरेबिलिटीज’ निर्देशिकेत कुठे ‘व्हल्नरेबल’ असे उरले नाही ना ते तपासावे आणि ड्रायरची तापमाने नोंदवहीत येत आहेत याची खात्री करावी. एक संपूर्ण आठवडा सुरळीत गेल्यावरच नवे कर्नेल कायमचे ठरवावे, आणि तेव्हाही त्याच्या लगेच आधीचे एक कर्नेल ठेवून त्याहून जुनी तेवढी काढावीत.