एमपी १८ टेबलटॉप खेळात कशी उतरवावी

पहिल्या महायुद्धातल्या, १९१८ च्या पश्चिम आघाडीवर फाशांचा टेबलटॉप खेळ मांडलात, की जर्मन धडक तुकड्यांच्या हातात एमपी १८ येणारच. ह्यूगो श्मायसरची रचना, बेर्गमान कारखान्यातली सबमशीनगन. बहुतेक जण तिला सरळ भरमसाट डॅमेज (एका गोळीने होणारी इजा) देतात आणि तिथेच गणित बिघडतं.

डॅमेज आधी ठरवा. गोळी ९ मिमी पॅराबेलम, म्हणजे ल्यूगर पिस्तुलाचीच. त्यामुळे तुमच्या खेळात ल्यूगरला जो फासा, तोच हिला. हिचं बळ गोळ्यांच्या संख्येत आहे.

मग वेग. मिनिटाला साधारण ४५० गोळ्या, सेकंदाला सात-साडेसात. फेरी सहा सेकंदांची असेल, तर चाप दाबून ठेवणाऱ्याचं ३२ गोळ्यांचं मॅगझिन (गोळ्यांचा डबा) फेरी संपायच्या आतच रिकामं होतं! म्हणून दोनच पर्याय ठेवा. छोटा बर्स्ट, म्हणजे एका दमात सुटणाऱ्या गोळ्या, पाच गोळ्यांचा: वीस बाजूंचा फासा एकदा टाका, नेम लागला तर एक गोळी, आणि नेम लागायला हव्या असलेल्या आकड्यापेक्षा दर पाच गुण जास्त पडले की आणखी एक, कमाल तीन. लांब बर्स्ट पंधरा गोळ्यांचा: शेजारशेजारच्या तिघांवर वेगवेगळा फासा, प्रत्येकी उणे दोन. एकेरी गोळीसाठी वेगळा खटका या बंदुकीत नाहीच, तेव्हा तो पर्याय देऊ नका.

आता मॅगझिन. माझ्या मते या बंदुकीचा खरा स्वभाव इथेच आहे. गोगलगायीच्या शंखासारखं हे ड्रम मूळचं लांब नळीच्या ल्यूगरसाठी बनवलेलं. ते डाव्या बाजूला लागतं आणि भरलं की बंदूक तिकडे ओढते. ते बदलायला पूर्ण एक फेरी घ्या. रिकामं ड्रम भरायला वेगळं साधन लागतं, म्हणून चकमक चालू असताना ते भरूच देऊ नका. फाशावर १ आला की बंदूक अडकली. चिखलात १ किंवा २. अडकलेली सोडवायला आणखी एक फेरी. आमच्या टेबलावर हा नियम आल्यापासून खेळाडू गोळ्या मोजू लागले आणि खंदकाच्या वळणावर थांबून विचार करू लागले.

पल्ल्याला फार वेळ देऊ नका. नेम धरायची दृष्टिपट्टी १०० आणि २०० मीटरची आहे; शंभराच्या पुढे उणे पाच, दोनशेच्या पुढे नेम नाहीच.

कथा १९२० च्या दशकातली असेल, तर २० गोळ्यांचं सरळ मॅगझिन द्या. युद्धानंतर अशा बदललेल्या बंदुका वापरात होत्या. त्यांना अडकण्याचा नियम फक्त १ वर ठेवा.