अपडेट अडतंय? आधी लॅपटॉप तपासा

अपडेट दर वेळी अर्ध्यावर येऊन मागे फिरत असेल, तर विंडोज नव्याने टाकायची घाई नको. आधी तारीख पाहा. चार्जर काढून रात्रभर ठेवल्यावर ती मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रं जुळत नाहीत आणि सर्व्हरशी जोडणीच होत नाही. सेल बहुधा सीआर२०३२ असतो. मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास हवा, २.७ खाली गेला की बदला. वायरवाला असेल तर प्लग जुळवूनच घ्या.

तारीख ठीक? मग डिस्क. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅममध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचता न आलेल्या जागा) समोरच्या 'रॉ व्हॅल्यू'त शून्य नसेल, तर पहिल्यांदा डेटा काढून घ्या. तोवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका, कुरकुरणारी डिस्क त्यातच मान टाकते.

रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक. चूक दिसली तर बॅटरीचा प्लग काढून एकेक पट्टी लावून पाहा.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात मात्र पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. अपडेट चालू असताना प्रोसेसर तापतो आणि मशीन पटकन बंद पडतं. जिनिंगच्या आसपासचा लॅपटॉप उघडलात तर पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) मध्ये कापसाच्या तुसाची चपटी गादीच निघते. ती चिमट्याने ओढा, ब्लोअर नंतर. आणि फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा.

बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचं) अपडेट नाकारलं जात असेल तर बॅटरी बघा. फुगलेली असेल तर ती टोचू नका, दाबू नका, सरळ बदला.