मसुद्यावर हरकत नोंदवताना

नियमाचा किंवा विकास आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला की नुसतं 'आमचा विरोध आहे' असं लिहून पाठवू नका. अशी शंभर पत्रं एका शेऱ्यात निकाली निघू शकतात. कलमाचा क्रमांक द्या, त्यातलं कोणतं वाक्य कुणाला जाचक ठरेल ते सांगा आणि त्याऐवजी काय हवं ते वाक्यही स्वतःच लिहून द्या. हा शेवटचा भाग बरेच जण गाळतात, पण माझ्या मते खरी ताकद त्यातच आहे. तयार पर्यायी मजकूर समोर असला की तो स्वीकारणं सोपं जातं. मुदत संपण्याआधी अर्ज देऊन पोच घ्या. सुनावणी असेल तर तिथे नक्की जा. बोलायला थोडाच वेळ मिळू शकतो, तेव्हा एकच मुद्दा मांडा, बाकीचे लेखी द्या.