अमेरिकेतली झटपट नर्सिंग पदवी: या चुका टाळा

लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या आणि हाताशी बी.कॉम., बी.ई. किंवा बीएएमएस असलेल्या मराठी बायकांच्या गप्पांत हल्ली एबीएसएनचा विषय हमखास निघतो. दुसऱ्या कुठल्याही विषयात पदवी असलेल्यांसाठी ही नर्सिंगची बीएसएन, म्हणजे बॅचलर पदवी आहे आणि ती साधारण ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होते. बहुतेक जणी शाळा निवडतात ती या महिन्यांच्या आकड्यावरूनच, आणि घोळ तिथेच सुरू होतो. तो आकडा पहिल्या वर्गापासून पुढे मोजलेला असतो. त्याआधी जाणारं वर्ष-दीड वर्ष आणि नंतरचे परवान्याचे महिने जाहिरातीत कुठेच नसतात.

व्हिसाचा विचार शेवटी करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं आणि क्लिनिकल (रुग्णालयातलं प्रत्यक्ष शिक्षण) बिनपगारी, अभ्यासक्रमाचाच भाग असल्यामुळे तिथे सहसा अडत नाही. अडतं ते पदवी हातात आल्यावर. जोडीदाराचा आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर असेल तर एच-४ ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नोकरी करता येते, नाहीतर सहसा नाही. ‘एफ-१ घेईन, मग ओपीटी’ (आधी विद्यार्थी व्हिसा, मग शिक्षणानंतरची तात्पुरती कामाची परवानगी) हे सॉफ्टवेअरवाल्यांचं गणित इथे अर्धंच चालतं. नर्सिंग स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नसल्यामुळे ओपीटी १२ महिन्यांवर थांबतो. वॉर्डातल्या साध्या आरएनच्या (परवानाधारक नर्सच्या) जागेसाठी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळणंही अवघड, कारण दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवरही आरएन होता येतं आणि त्या जागेला बॅचलर पदवी लागतेच असं सिद्ध करणं कठीण जातं. ग्रीन कार्डासाठी नर्सना ‘शेड्यूल ए’ची (अर्जातला एक टप्पा वगळण्याची) सवलत आहे खरी, पण त्यामुळे भारतीयांची ईबी-३ या ग्रीन कार्ड गटाची रांग काही लहान होत नाही. तेव्हा शाळेच्या ॲडमिशन ऑफिसच्या आधी इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी द्या.

पैशांचंही तसंच. खासगी विद्यापीठाची फी ५०,००० डॉलरच्या पुढे सहज जाते. सरकारी कर्ज ग्रीन कार्ड असेल तर मिळू शकतं, एच-४ला नाही. पहिली पदवी झालेल्यांना पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, नागरिक असूनही मिळत नाही.

‘माझी ॲनाटॉमी झालेली आहे’

बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी केलेल्यांचा स्वाभिमान इथे दुखावतो आणि ते समजण्यासारखं आहे. पण ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन आणि मानवी विकासाचं मानसशास्त्र हे विषय बऱ्याच शाळांना गेल्या पाच-सात वर्षांतले, प्रयोगशाळेसह आणि अनेकदा अमेरिकन कॉलेजातलेच हवे असतात. वाद घालण्यात सेमिस्टर घालवण्यापेक्षा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ते करून टाकलेले परवडतात. मात्र आधी तीन-चार शाळांच्या याद्या समोर ठेवून सगळीकडे चालतील असेच कोर्स निवडा. एका शाळेला चालणारी ऑनलाइन लॅब दुसरीला चालत नाही.

तीन वर्षांच्या बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी.चं दुखणं वेगळं. आपली तीन वर्षांची पदवी अमेरिकेतल्या चार वर्षांच्या बॅचलरइतकी धरायची की नाही, यावर परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांचं एकमत नाही. आधी शाळेला ईमेल करून कोणत्या संस्थेचा रिपोर्ट चालेल ते लेखी विचारा आणि मगच पैसे भरा. रिपोर्ट विषयवार लागतो, नुसता पदवीचा नाही. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायचं काम भारतातल्या भावंडांवर सोपवणार असाल तर त्यांना भरपूर आधी सांगा.

पास होणाऱ्यांचा टक्का बघून भाळणं

एनक्लेक्स-आरएन या परवाना परीक्षेचा पहिल्या प्रयत्नाचा निकाल राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे शाळेनुसार मिळतो. तो बघाच, पण तो फक्त परीक्षेला बसलेल्यांचा असतो. साठ जणांनी प्रवेश घेतला आणि चाळीसच शेवटपर्यंत टिकले, तर त्या चाळिसांवर ९५ टक्के दाखवणं सोपं आहे. म्हणून ‘वेळेत किती जण बाहेर पडतात?’ हा प्रश्न सरळ विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. काही शाळा शेवटची एक्झिट परीक्षा पास झाल्याशिवाय एनक्लेक्सला बसूच देत नाहीत, तेही विचारून घ्या.

मान्यता दोन प्रकारची लागते: राज्याच्या बोर्डाची आणि सीसीएनई किंवा एसीईएनसारख्या, नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची. दुसरी नसेल तर पुढे एमएसएनला (नर्सिंगच्या मास्टर्सला) आणि मोठ्या रुग्णालयांत अडचण येते. शाळेच्या वेबसाइटवरच्या शिक्क्यावर विसंबू नका, त्या संस्थांच्या यादीत नाव शोधा. जानेवारी २०२३ मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या तपासातली प्रकरणं उघड झाली, तेव्हा फ्लोरिडातल्या शाळांमधून ७,६०० हून जास्त बनावट नर्सिंग डिप्लोमे विकले गेल्याचं बाहेर आलं. भलतीच सोपी वाट कोणी दाखवली की हे आठवावं.

पाठांतरावर भिस्त ठेवणं

आपली परीक्षेची सवय व्याख्या, लक्षणं, उपचार लिहायची. इथे प्रश्न येतो: चार रुग्ण आहेत, आधी कोणाला बघाल? सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाचा ऑक्सिजन ९० टक्के आहे आणि थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या बाईला ओठांभोवती मुंग्या येताहेत. पहिला आकडा वाचून घाबरायला होतं, पण त्या आजारात तो अपेक्षित आहे. मुंग्या म्हणजे कॅल्शियम घसरत असल्याची खूण, आणि पुढे घशाचे स्नायू आवळले तर श्वासच अडेल. दोन्ही आजारांची पानं तोंडपाठ असलेली मुलगीही इथे चुकते. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्समध्ये असे केस स्टडी वाढले आहेत. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. पहिल्या आठवड्यापासून रोज थोडे प्रश्न सोडवा, आणि बरोबर आलेल्या प्रश्नांचं स्पष्टीकरणही वाचा.

औषधांच्या मात्रेचं गणित आपल्याला सोपं वाटतं. तरी पाउंडातल्या वजनाचे किलो करायला विसरून मुली आपटतात. अनेक शाळांत या चाचणीला ९० टक्क्यांच्या खाली चालतच नाही. एखाद्या विषयात मार्क घसरू लागले तर ‘पुढच्या पेपरात भरून काढीन’ म्हणत बसू नका. उत्तीर्णाची रेघ ७५-७७ च्या आसपास असते आणि ७४.९ चे ७५ सहसा होत नाहीत. विषय सोडण्याची शेवटची तारीख जायच्या आत प्राध्यापकांना भेटा. एक विषय सोडून पुढच्या तुकडीबरोबर येणं नापास होण्यापेक्षा कितीतरी बरं, कारण बहुतेक ठिकाणी दोन नापास म्हणजे बाहेर.

घर, लसी आणि नाव

क्लिनिकलची शिफ्ट सकाळी सातच्या आत सुरू होते आणि बरीच डेकेअर त्याच सुमारास उघडतात. आई-बाबांना किंवा सासू-सासऱ्यांना बोलवायचं ठरवाल, पण त्यांना एका वेळी साधारण सहा महिनेच राहता येतं. पहिल्याच सेमिस्टरला सगळ्यांना बोलावून मोकळ्या होऊ नका. शेवटचे महिने जास्त जड जातात.

क्लिनिकलसाठी लागणाऱ्या लसींपैकी हेपेटायटिस बीचा नेहमीचा तीन डोसांचा कोर्स सहा महिने चालतो, तेव्हा तो लवकर सुरू करा. लहानपणी बीसीजी झालेलं असल्यामुळे आपली टीबीची त्वचाचाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि एक्स-रेची धावपळ मागे लागते. रक्ताची चाचणी चालेल का, हे आधीच विचारा.

आणि नाव. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, शाळेत तिसरंच. एनक्लेक्सची नोंदणी आणि ओळखपत्र यांत फरक असेल तर परीक्षा केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते. प्रवेशाच्या पहिल्या अर्जापासून पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं वापरा आणि लग्नाच्या दाखल्याची इंग्रजी प्रत फाइलमध्ये ठेवा.