व्होल्टेज दुप्पट करणाऱ्या सर्किटात कपॅसिटरची दिशा कशी ठरवावी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात मी मागांची कंट्रोल कार्डे दुरुस्त करतो. आयटीआय किंवा डिप्लोमा करून हाताखाली येणारी बहुतेक मुले एक गोष्ट पाठ करून आलेली असतात, ती म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे ऋण टोक नेहमी ग्राउंडला जाते. साध्या पॉवर सप्लायच्या फिल्टरपुरते ते बरोबर आहे. परंतु व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटात एक कपॅसिटर असा असतो, ज्याचे कोणतेच टोक ग्राउंडला जोडलेले नसते. तेथे सर्किटाच्या दोन्ही अवस्थांत, म्हणजे कपॅसिटर भरताना आणि वर उचलला जाताना, कोणते टोक वरच्या व्होल्टेजला राहते, एवढेच पाहावे लागते.

सरावासाठी ५५५ आयसी (तीन नंबरच्या पिनवरचे व्होल्टेज सतत वर-खाली करणारी टायमर चिप), दोन डायोड आणि दहा-दहा मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर घ्यावेत. नऊ व्होल्टच्या धन तारेपासून पहिला डायोड, त्याच्या कॅथोडला दुसऱ्याचा ॲनोड आणि दुसऱ्याच्या कॅथोडपासून ग्राउंडपर्यंत आउटपुटचा कपॅसिटर, अशी जोडणी होते. पंपाचा, म्हणजे व्होल्टेज वर उचलणारा, कपॅसिटर दोन डायोडांच्या सांध्यापासून ५५५ च्या तीन नंबरच्या पिनपर्यंत लावायचा असतो. मुले अडतात ती येथेच.

तीन नंबरची पिन खाली, म्हणजे जवळपास शून्यावर असते, तेव्हा पहिल्या डायोडमधून कपॅसिटर सुमारे ८.२ व्होल्टपर्यंत भरतो आणि सांध्याकडचे टोक धन होते. पिन वर जाते तेव्हा साधा ५५५ पूर्ण नऊ व्होल्ट देत नाही, साडेसातच्या आसपास देतो. त्यामुळे कपॅसिटरचे खालचे टोक ७.५ वर आणि सांध्याकडचे टोक १५.७ वर जाते. भरलेली कळशी जमिनीवरून उचलून कट्ट्यावर ठेवली तरी पाणी तेवढेच राहते, तसे कपॅसिटरच्या दोन टोकांमधले ८.२ व्होल्ट जवळपास तेवढेच राहतात. म्हणून धन टोक सांध्याकडे आणि पट्टीचे, म्हणजे ऋण, टोक तीन नंबरच्या पिनकडे. लोड नसताना आउटपुटला साधारण पंधरा व्होल्ट मिळतात; तेथे २५ व्होल्टचा कपॅसिटर लावावा, १६ चा फारच काठावर येतो.

ट्रान्सफॉर्मरच्या एसीवर चालणाऱ्या डबलरमध्ये (व्होल्टेज दुप्पट करणाऱ्या सर्किटात) पहिला कपॅसिटर थेट एसीच्या तारेत दिसतो, म्हणून तो बिनध्रुवीयच (धन-ऋण टोके नसलेला) हवा असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ग्राउंडकडून सांध्याकडे जाणारा डायोड त्याला एकाच दिशेने भरतो, त्यामुळे इलेक्ट्रोलिटिक चालतो आणि त्याचे धन टोक पुन्हा सांध्याकडेच येते. नऊ व्होल्टच्या एसीचे शिखर १२.७ व्होल्ट असते, तेव्हा आउटपुटला २५ च्या जवळ जाते. हा प्रयोग छोट्या ट्रान्सफॉर्मरवरच करावा. २३० व्होल्टच्या लाइनवर थेट करू नये, तेथे शिखरच ३२५ व्होल्ट असते.

ऋण व्होल्टेज तयार होते तेथे मात्र पाठ केलेला नियम पुरता उलटतो. जुन्या सीरियल पोर्टच्या कार्डांवरील मॅक्स २३२ या, पोर्टसाठी लागणारे अधिक-उणे व्होल्टेज स्वतः तयार करणाऱ्या, आयसीच्या सहा नंबरच्या पिनवर उणे व्होल्टेज असते, म्हणून तेथील कपॅसिटरचे धन टोक ग्राउंडला जाते. कार्डावर असा कपॅसिटर पाहून नवीन मुलगा तो ‘सुधारून’ उलटा बसवायला निघतो, तेव्हा मी त्याला आधी मीटर लावायला सांगतो.

दिशा चुकली तर धन पत्र्यावरील ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर मोडू लागतो, करंट वाढतो, आत वायू तयार होतो आणि डबी फुगते किंवा फुटते. दीड व्होल्टपर्यंतचा उलटा दाब काही काळ निभतो, त्याहून जास्त नाही. खुणांच्या बाबतीतही सावध राहावे, कारण ॲल्युमिनियमच्या डबीवरील पट्टी ऋण टोक दाखवते, तर टँटलमवरील पट्टी धन.

सोल्डरिंगआधी पंपाच्या जागी एक मायक्रोफॅरडचा बिनध्रुवीय फिल्म कपॅसिटर लावून सर्किट चालू करावे आणि लाल प्रोब सांध्यावर, काळा पिनकडच्या टोकावर धरून डीसी व्होल्ट पाहावेत. वाचन अधिक आले, तर लाल प्रोबच्या जागी इलेक्ट्रोलिटिकचे धन टोक येते. उणे आले, तर डायोडांची दिशा पुन्हा तपासावी.