मुरूम खाण बंद करताना जमीन खरोखर पूर्ववत झाली का, हे तपासायचे कसे

मुरूम खाणीची तपासणी हिरवळ पाहून करू नये. ऑगस्टमध्ये उघडा मुरूमही हिरवा दिसतो. टाकळा आणि कुसळी कोणी लावावी लागत नाही. जमीन पूर्ववत झाली की नाही, ते तीन गोष्टी सांगतात: पातळी, उतार आणि मातीचा थर. तिन्ही मोजता येतात.

शक्यतो दोन फेऱ्या ठेवाव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने पाडलेल्या घळी, खचलेला भराव आणि साचलेले पाणी दिसते. मे महिन्यात जगलेली रोपे दिसतात. एकच फेरी जमणार असेल तर मे निवडा. घळी तेव्हाही लपत नाहीत.

निघण्यापूर्वी कागद जमवा: खाणपट्ट्याचा करारनामा, मंजूर खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरी, मोजणीचा हद्द नकाशा, सातबारा आणि महाखनिज या राज्याच्या ऑनलाइन खनिज-प्रणालीवरील वाहतूक पासांचा तपशील. आराखड्यात खोदकामापूर्वीच्या पातळ्या आणि एक कायम बेंचमार्क (सगळ्या उंच्या ज्याच्यावरून मोजतात ती पक्की खूण) असतो. तो नसेल तर पुढचे सगळे आकडे वादग्रस्त ठरतात, म्हणून आधी तो शोधा. पर्यावरण मंजुरीच्या अटी शब्दशः वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 8 जानेवारी 2020 च्या आदेशानंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत वाढवण्याची अट आणली आहे. चारा उगवेल अशी जमीन करून देणे ही खाणपट्टाधारकाची जबाबदारी आहे. दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचे सहामाही अनुपालन अहवालही मागवा. त्यांतली रोपांची संख्या अहवालागणिक जशीच्या तशी उतरवलेली दिसली, तर जागेवर कोणीच मोजलेले नाही असे समजायला हरकत नाही.

जागेवर पहिले काम हद्दीचे. कोपऱ्यांचे खांब नकाशाशी जुळवा आणि खड्ड्याच्या कडेपासून हद्दीपर्यंतचे अंतर टेपने मोजा. खाणपट्ट्यांत 7.5 मीटरचा अखोदित पट्टा सोडण्याची अट सहसा असते. तुमच्या मंजुरीत किती आहे ते पाहा. हद्दीबाहेर खोदकाम सापडले तर जमीन पूर्ववत केली म्हणून ते माफ होत नाही. ते महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) चे वेगळे प्रकरण आहे, आणि त्यात दंड बाजारमूल्याच्या पाच पटीपर्यंत जातो. दोन्ही गोष्टी एकाच पंचनाम्यात कोंबू नका.

मग घनफळ. खरी फसवणूक इथेच होते. मंजुरीपेक्षा खोल खोदायचे आणि तपासणीच्या आधी मलबा टाकून तळ वर आणायचा, ही जुनी रीत आहे. म्हणून भरावात जेसीबीने चाचणी खड्डे घ्या: दर एकरी किमान दोन, मूळ न हललेला थर लागेपर्यंत. भराव आणि मूळ थर यांतला फरक चटकन कळतो. मूळ मुरूम एकजीव असतो; भरावात रंग मिसळलेले असतात, पोकळ्या आणि विटांचे तुकडे निघतात. प्लास्टिक, कापड किंवा कुजका वास आला तर तो कचरा आहे. त्याची नोंद स्वतंत्र करा, कारण तो झिरपून शेजारच्या विहिरीत उतरतो.

हिशेबाचे एक उदाहरण. वरून 100 × 80 मीटर, 6 मीटर खोल, कडा 1:1 उताराच्या (1 मीटर खाली जाताना 1 मीटर आडवे). तळ 88 × 68 मीटर येतो. वरचे क्षेत्र 8000, निम्म्या खोलीवरचे म्हणजे मधले 6956, तळाचे 5984 चौरस मीटर. मधल्याला 4 ने गुणून तिन्हींची बेरीज करा, खोलीने गुणा, 6 ने भागा: 41,808 घनमीटर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर, म्हणजे सुमारे 14,770 ब्रास. हा ठासलेल्या जमिनीचा आकडा आहे. डंपरमध्ये तोच मुरूम फुगतो. 25 टक्के फुगवटा धरला तर सुमारे 18,470 ब्रास. पासांशी तुलना करताना कोणता आकडा घेतला आणि फुगवटा किती धरला, हे लिहिले नाही तर अपिलात पहिला मुद्दा तोच निघतो.

उताराबाबत हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे "45 अंश नियमात बसते." धातुमय खाण विनियम 1961 मध्ये मुरूमासारख्या जमिनीत कडा 45 अंशांपर्यंत, नाहीतर 1.5 मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या, असे आहे खरे. पण ती चालू खाणीतल्या माणसांच्या सुरक्षिततेची मर्यादा आहे. 45 अंशांवर माती टिकत नाही. पहिल्याच वळवाला खाली येते. गवत धरायचे तर 1:2 (सुमारे 27 अंश) किंवा त्याहून सपाट हवे, गुरे उतरणार असतील तर 1:3. क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचे साधन) नसेल तर उतारावर आडवी 2 मीटरची पट्टी धरून लेव्हल लावा आणि तिच्या सुट्या टोकाखालची उंची मोजा: 1 मीटर आली तर 1:2. प्रत्येक बाजूला दर 20 मीटरवर एक नोंद घ्या. खाण खोल असेल तर 6 मीटरचा आकडा लक्षात ठेवा: खोली 6 मीटरच्या आत, कामगार 50 पर्यंत आणि स्फोटके नाहीत, अशा मुरूम खाणींना नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या खाण अधिनियम 1952 च्या बहुतेक तरतुदी लागत नसत. एक जरी कोपरा त्याखाली गेला की चित्र बदलत असे.

मातीचा थर फावड्याने 30 सेंटिमीटर खोल खणून पाहा, हेक्टरी दहा जागी. आराखड्यात 15 सेंटिमीटर लिहिले असेल तर हेक्टरी 1500 घनमीटर माती लागते, जवळपास 530 ब्रास. एवढी माती आली कुठून, हा प्रश्न विचाराच. सुरुवातीला काढून ठेवलेला ढीग तीन-चार मीटर उंच रचला असेल तर आतली माती निर्जीव झालेली असते, आणि विकला गेला असेल तर वर पसरलेला थर म्हणजे बारीक मुरूमच. ओल्या मातीची मुठीत गोळी वळते का पाहा. वरचा मीटरभर भराव रोलरने दाबलेला नको. 12 मिलिमीटरची लोखंडी सळी हाताने अर्धा मीटरही जात नसेल तर करंजाचे मूळही जाणार नाही.

रोपे मोजायला 10 × 10 मीटरचे चौरस आखा. 3 × 3 मीटर अंतराने लावणी असेल तर एका चौरसात साधारण 11 जागा येतात. फक्त नव्या पालवीची, खोड जिवंत असलेली रोपे धरा. सगळी गिरिपुष्प असतील तर तसे लिहा. ती जगतात, पण कडुनिंब, करंज, खैर यांची जागा त्यांनी भरत नाही. उतारावर वाळा किंवा स्टायलो (माती धरणारे चारापीक) आहे का, तेही पाहा.

खड्डा पाणीसाठा म्हणून ठेवायची परवानगी असेल तर किमान एका बाजूला 1:3 चा उतार, चारही बाजूंनी कुंपण, मराठीत फलक आणि दगडी पिचिंगचा (दगड बसवलेला) सांडवा हवा. सरळ कड्याच्या खड्ड्यात पाय घसरलेले पोर वर येऊ शकत नाही. या बाबीत मुदतवाढ देऊ नका, कुंपण त्याच आठवड्यात मागा.

पंचनाम्यात "समाधानकारक" हा शब्द टाळा. "उत्तर कड, खांब 3 ते 4, 40 मीटर लांबी, उतार 58 अंश" असे लिहा. फोटोत दिशा, अक्षांश-रेखांश आणि मोजपट्टी यावी. दोन पंच, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि खाणपट्टाधारकाचा प्रतिनिधी यांच्या सह्या जागेवरच घ्या. प्रतिनिधीने नकार दिला तर तो नकारही पंचांसमोर नोंदवा. दुरुस्तीची मुदत बाबवार द्या: कुंपण सात दिवस, उतार आणि माती पावसाच्या आत, रोपे जुलैअखेर. फेरतपासणीला त्याच बेंचमार्कवरून, त्याच चौरसांत मोजा.